टीव्हीवरच्या स्थानिक बातम्या: मोजायच्या कशा, तपासायच्या कशा, तक्रार कुठं करायची

कट्ट्यावर बसून "आता बातम्या बघण्यात काय राम राहिला नाही" असं म्हणणारे कोल्हापुरात पेठेगणिक सापडतील. म्हणणं खरं आहे, पण त्यानं ना केबलवाल्याचं काही अडतं, ना चॅनेलचं. "दर्जा घसरला" ही तक्रार कुठल्याच नियमात बसत नाही. "अमुक तारखेला संध्याकाळी ७ वाजून ४२ मिनिटांनी हे वाक्य सांगितलं, ते खोटं आहे, हा त्याचा पुरावा" ही बसते. पहिल्या तक्रारीपासून दुसरीपर्यंत यायला एक वही, मोबाइलचं स्टॉपवॉच आणि साधारण एक आठवडा लागतो.

आधी आठवडाभर मोजा

एकच बातमीपत्र निवडा आणि ते सलग ७ दिवस, पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत बघा. चॅनेल बदलत बघितलं तर हाताला काहीच लागत नाही, फक्त राग वाढतो. गणपती विसर्जन, नवरात्र, निवडणूक असले आठवडे टाळा. त्या दिवसांत सगळंच वेगळं असतं आणि चॅनेलला "तो आठवडा खास होता" म्हणायला जागा मिळते.

वहीच्या पानावर सहा रकाने आखा: सुरू झाल्याची वेळ, किती सेकंद, विषय आणि ठिकाण, पडद्यावर काय दिसलं, माहिती कुणी दिली, आणि खूण. खुणा पाचच ठेवा. घटना असेल तर 'घ', प्रेसनोट वाटली तर 'प्रे', गुन्हेगारी 'गु', जुन्या बातमीचं पुढं काय झालं हे सांगणारा पाठपुरावा 'पा', आणि जाहिरात किंवा शुभेच्छा 'जा'. यापेक्षा जास्त खुणा केल्या की लिहिता लिहिता पुढची बातमी निघून जाते.

भरलेली ओळ कशी दिसते ते बघा. वेळ ७:३६. सेकंद ९५. विषय पाइपलाइनला गळती, ठिकाणाच्या रकान्यात "शहरात" एवढंच. पडद्यावर ८ सेकंदांचं एकच दृश्य, पाच वेळा फिरवलेलं. माहिती कुणी दिली: "नागरिकांतून संताप व्यक्त होत आहे." खूण 'घ'. या एका ओळीत बातमीचा सगळा आजार दिसतो. कुठल्या चौकात, केव्हापासून, किती घरांचं पाणी बंद, दुरुस्ती कधी होणार, महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागातलं कोण काय म्हणालं, यातलं काहीही नाही. "नागरिकांतून संताप" हे वाक्य लिहायला घराबाहेर पडावं लागत नाही, म्हणून ते सगळीकडं सापडतं. आठवड्यात ते किती वेळा आलं तेही पानाच्या कडेला मोजत राहा.

प्रेसनोट ओळखायची युक्ती सोपी आहे. दुसऱ्या दिवशी दोन वर्तमानपत्रं घ्या आणि त्याच बातमीचं दुसरं वाक्य जुळवून बघा. पहिलं वाक्य प्रत्येक जण थोडं बदलतो, दुसऱ्याला कुणी हात लावत नाही. तिन्हीकडं तेच शब्द, त्याच क्रमानं, आणि शेवटी मान्यवरांची तीच यादी असेल तर ती प्रेसनोट. प्रेसनोट दाखवणं हा काही गुन्हा नाही. सोमवारी पाणी येणार नाही ही बातमी प्रेसनोटमधूनच येणार. पण ३० मिनिटांतली २० मिनिटं तीच असतील आणि त्यात एकही प्रश्न विचारलेला नसेल, तर आपण बातमीपत्र बघत नसून नोटीस बोर्ड बघतोय.

जाहिरातींचे सेकंद वेगळे धरा. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधल्या नियम ७ प्रमाणे तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती चालत नाहीत: १० मिनिटं व्यापारी आणि २ मिनिटं चॅनेलच्या स्वतःच्या. हिशेब तासाचा आहे, त्यामुळं अर्ध्या तासाच्या बातमीपत्रात ७ मिनिटं सापडली म्हणून लगेच उड्या मारू नका, पुढचा अर्धा तासही मोजा. त्याच नियमात आणखी एक कलम आहे आणि ते बहुतेकांना ठाऊक नसतं: जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्ट वेगळी दिसली पाहिजे, आणि पडद्याच्या खालच्या भागात स्थिर किंवा सरकती जाहिरात चालवून कार्यक्रमात अडथळा आणता येत नाही. आता अपघाताची बातमी चालू असताना खाली हात जोडून उभ्या असलेल्या भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाची पट्टी आठवा.

घरातल्या किंवा गल्लीतल्या दुसऱ्या माणसालाही त्याच बातमीपत्राची वेगळी वही ठेवायला सांगा. दोघांच्या बेरजेत मिनिटाहून जास्त फरक आला तर एकानं नीट बघितलेलं नाही. आठवड्याच्या शेवटी सगळ्यात आधी 'पा' मोजा. आठवड्यात ७० बातम्या आणि पाठपुरावे शून्य, असं निघालं तर चॅनेलची खरी अवस्था तिथंच कळते. बाकी आकडे नंतर.

असं का होतं हेही ध्यानात असू द्या. गावोगावचे बरेच बातमीदार पगारी नसतात. ते स्ट्रिंगर असतात, बातमीमागं पैसे मिळतात आणि एकच क्लिप चार ठिकाणी जाते. घटनास्थळी अर्धा तास थांबून दुसरी बाजू घेणं त्याला परवडत नाही, म्हणून ८ सेकंदांचं दृश्य पाच वेळा फिरतं. तक्रार संपादकाच्या नावे करायची ती यासाठी. चॅनेलचा माइक धरून पावसात उभ्या असलेल्या पोराला झापून काही साधत नाही.

पुराच्या बातम्या तपासताना

कोल्हापुरात बातमी चुकली की कधी नुसती चिडचिड होते, कधी घरातलं सामान माळ्यावर जातं. पावसाळ्यात म्हणून चार आकडे पाठ असावेत.

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. बातमीत "पंचगंगा धोक्याच्या पातळीवर" असं आलं की तीन गोष्टी ऐका: किती फूट किती इंच, किती वाजताची नोंद, आणि पाणी चढतंय की उतरतंय. तिसरी सगळ्यात महत्त्वाची आणि तीच बहुतेक वेळा गायब असते. सकाळी ४१ फूट आणि दुपारी ४१ फूट ही बातमी "पाणी थांबलं" अशी आहे, पण ती सांगितली जाते "पंचगंगेचं रौद्र रूप" म्हणून.

दुसरा घोळ क्युसेकचा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. तो वेग आहे, साठा नव्हे. साठा टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत. सलग २४ तास ११,५७४ क्युसेक सोडलं तर एक टीएमसी पाणी जातं. हा एकच आकडा वहीच्या मागं लिहून ठेवला की निम्म्या बातम्या तिथंच तपासून होतात. "धरणातून ५ टीएमसी क्युसेक विसर्ग" असं काही कानावर पडलं तर सांगणाऱ्याला दोन्ही कळलेलं नाही. क्युमेक हा आणखी वेगळा: एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. कागदावर क्युमेक असताना तोंडी क्युसेक झालं तर पूर पस्तीसपट लहान होतो.

तिसरी गोष्ट राधानगरीची. भोगावतीवरच्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक उंचीला आलं की ते आपोआप उघडतात आणि उतरलं की मिटतात. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक. म्हणजे पाच दरवाजे उघडले की ७,१४० क्युसेक, शिवाय वीजगृहातून जाणारं पाणी वेगळं. बातमीत दरवाजांची संख्या आणि विसर्गाचा आकडा दोन्ही दिलेले असतील तर गुणाकार करून बघा, दहा सेकंदांचं काम आहे. आणि "प्रशासनानं मध्यरात्री दरवाजे उघडले" असं निवेदक ओरडत असेल, तर कुणीही काही उघडलेलं नाही, दरवाजाच तसा बनवलाय.

पावसाच्या विशेषणांनाही मोजमाप असतं. हवामान खात्याच्या हिशेबात २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढं 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार' आणि २०४.४ च्या वर 'अत्यंत जोरदार'. हे २४ तास सकाळी साडेआठ ते साडेआठ असे धरतात. ढगफुटी म्हणजे लहानशा भागात एका तासात १०० मिलिमीटर किंवा जास्त. रंकाळ्याच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलं म्हणजे ढगफुटी नव्हे, त्याचं कारण बहुतेक वेळा गटारीत सापडतं.

जुनं फुटेज ओळखायला पडद्यावर तीन गोष्टी शोधा. बातमी रात्रीची आणि दृश्यात ऊन, हे सगळ्यात सोपं. मग दुकानांच्या पाट्या आणि डिजिटल फलक: तीन वर्षांपूर्वीच्या निवडणुकीचा फलक आजच्या पुरात दिसत असेल तर फुटेज तीन वर्षांपूर्वीचं. तिसरं म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यात पुसट केलेला दुसऱ्याच चॅनेलचा लोगो. शंका आली तर पडद्याचा फोटो घेऊन गूगल लेन्सवर टाका. फोटो घेताना दृश्य पडदाभर असेल तोच क्षण पकडा. खाली-वर पट्ट्या असतील तर त्या कापून टाका, नाहीतर लेन्स पट्टीवरची अक्षरंच शोधत बसतं. संग्रहित दृश्य वापरायला हरकत नसते, पण पडद्यावर 'संग्रहित' असं लिहिलेलं हवं.

खात्री करायची असेल तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक आहे. तिथं "पूर आलाय का?" असं विचारू नका. "राजाराम बंधाऱ्याची शेवटची नोंद किती आणि किती वाजताची?" असं विचारा, उत्तर एका वाक्यात मिळतं.

गुन्ह्याच्या बातम्यांत इतकंच बघा: 'गुन्हा दाखल' म्हणजे पोलिसांनी फिर्याद नोंदवली, बाकी काही सिद्ध झालेलं नाही. संशयिताला 'नराधम' म्हणणारं बातमीपत्र न्यायालयाचं काम स्वतःच उरकतं. लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या बातमीत पोक्सो कायद्याचं कलम २३ लागू होतं. नावच नव्हे, तर पत्ता, शाळा, कुटुंब, शेजार, ओळख पटेल असं काहीही सांगता येत नाही. पेठेत तालमीचं नाव आणि गल्ली सांगितली की घरच सांगितल्यासारखं होतं, हे इथल्या माणसाला समजावून सांगायला नको. असली क्लिप तक्रारीला जोडा, ग्रुपवर मात्र टाकू नका, नाहीतर तोच गुन्हा तुमच्या हातून होतो. शब्दांचा ढिसाळपणा कोर्टाच्या बाकी बातम्यांतही दिसतो. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात सुरू झालं ते मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच. कायमचं खंडपीठ ही वेगळी गोष्ट आहे, तरी पट्टीवर 'खंडपीठ' सर्रास दिसतं.

पुरावा कसा धरायचा

सेटटॉप बॉक्सला पेनड्राइव्ह लावून रेकॉर्डिंग करता येतं, पण त्यावर भरवसा ठेवू नका. बहुतेक बॉक्सचं रेकॉर्डिंग कुलूपबंद असतं आणि त्याच बॉक्सवर चालतं. कलेक्टर ऑफिसात पेनड्राइव्ह दिला आणि तिथं काहीच उघडलं नाही, असं व्हायला नको. मोबाइल आडवा धरा, टीव्हीपासून पाच-सहा फुटांवर. खोलीतला दिवा बंद केला की पडद्यावरची चमक जाते. काळे पट्टे सरकताना दिसले तर टीव्हीचा ब्राइटनेस थोडा बदलून बघा. रेकॉर्डिंग सुरू केल्यावर रिमोटचं 'इन्फो' बटण दाबा. चॅनेलचा क्रमांक, नाव आणि वेळ पडद्यावर उमटते आणि ती तुमच्या व्हिडिओत येते. मग बातमी संपूर्ण घ्या, मधलं वाक्य कापून घेऊ नका. कापलेली क्लिप म्हणजे समोरच्याला आयती पळवाट.

यूट्यूबवर तेच बातमीपत्र चढवलेलं असेल तर लिंक वेळेसकट टिपून ठेवा आणि शीर्षकाचा स्क्रीनशॉट घ्या. पण तिथला व्हिडिओ कधी कधी सुधारून टाकलेला असतो. टीव्हीवर दिसलं तेच नियमाखाली येतं, म्हणून टीव्हीचं रेकॉर्डिंग पहिलं.

कुठं जायचं

इथं सगळ्यात जास्त माणसं चुकतात. प्रेस कौन्सिल फक्त छापील माध्यमांचं बघते, टीव्हीची तक्रार तिथून परत येते. मालिका आणि मनोरंजनाच्या तक्रारींची समितीही वेगळी आहे. आधी चॅनेल कुठल्या जातकुळीचं ते ओळखा.

राज्यभर दिसणारं उपग्रह चॅनेल असेल तर पहिली तक्रार त्याच चॅनेलच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडं. नाव आणि ईमेल त्यांच्या संकेतस्थळावर असतो. जून २०२१ मध्ये दुरुस्त झालेल्या केबल नियमांप्रमाणे २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तो मिळाला नाही किंवा पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत चॅनेल ज्या स्वयंनियमन संस्थेचं सदस्य आहे तिच्याकडं अपील. तिला ६० दिवसांची मुदत असते. बऱ्याच मोठ्या वृत्तवाहिन्या एनबीडीएसए या वृत्तवाहिन्यांच्या स्वयंनियमन संस्थेच्या कक्षेत येतात. त्या संस्थेच्या नियमात चॅनेलकडं पहिली तक्रार प्रक्षेपणापासून ७ दिवसांच्या आत गेलेली लागते. म्हणून कुठलंही चॅनेल असो, ७ दिवस हीच आपली मुदत धरा. त्यापुढचा दरवाजा केंद्रीय माहिती आणि प्रसारण मंत्रालयाचा.

फक्त तुमच्या केबलवर दिसणारं शहरातलं चॅनेल असेल तर ते बहुधा 'प्लॅटफॉर्म सर्व्हिस' असतं, म्हणजे केबल कंपनीनं स्वतः चालवलेलं. नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा चॅनेलची केंद्राकडं नोंदणी लागते, पडद्यावर 'प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस' असं दिसावं लागतं आणि कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ९० दिवस जपून ठेवावं लागतं. ती अक्षरं पडद्यावर नसतील तर तो तक्रारीचा पहिला मुद्दा. ही तक्रार केबल कंपनीला द्या आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, कारण केबल कायद्याखाली ते प्राधिकृत अधिकारी आहेत आणि टीव्हीवरच्या मजकुरावर लक्ष ठेवणाऱ्या जिल्हास्तरीय संनियंत्रण समितीचे अध्यक्षही. नागाळा पार्कातल्या कार्यालयात आवक विभागात दोन प्रती न्या. एक द्यायची, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचा. शिक्क्याशिवाय बाहेर पडू नका. "साहेबांना सांगतो" याला आवक क्रमांक नसतो.

फक्त यूट्यूब किंवा फेसबुकवर चालणारं 'चॅनेल' केबल कायद्यात येत नाही, नावात टीव्ही असलं तरी. तिथं त्या मंचाचंच 'रिपोर्ट' बटण वापरा आणि चालवणाऱ्याला लेखी दुरुस्ती मागा. बदनामी झाली असेल तर सरळ वकील गाठा.

अर्ज

अर्ज एका पानाचा, एका बातमीचा. मजकूर असा चालतो:

"दिनांक ___ रोजी सायंकाळी ७:३० च्या बातमीपत्रात ७ वाजून ४२ मिनिटांनी पुढील वाक्य प्रसारित झाले: '___'. त्या वेळी राजाराम बंधाऱ्यावरील नोंद ___ फूट ___ इंच होती. सोबत दाखवलेले दृश्य जुने असून त्यावर 'संग्रहित' असा उल्लेख नव्हता. हे केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधील नियम ६ (१) डी, म्हणजे खोटी व अर्धसत्य माहिती, याचे उल्लंघन आहे. मागणी: (१) त्याच बातमीपत्रात तितक्याच ठळकपणे दुरुस्ती, (२) संबंधित रेकॉर्डिंग निर्णय होईपर्यंत जतन करणे. सोबत: व्हिडिओ, नोंदीची प्रत."

चुकीचं वाक्य जसंच्या तसं लिहा, स्वतःच्या शब्दांत नको. अंधश्रद्धा पसरवणारा मजकूर असेल तर त्याच नियमाचा 'जे' (j) उपखंड, व्यक्तीची निंदा असेल तर 'आय' (i). निवेदक ओरडतो, संगीत कर्कश आहे, तीच बातमी चार वेळा येते, हे अर्जात घालू नका. त्यासाठी नियम नाही आणि ते वाचून बाकीचा अर्जही रडगाणं ठरतो. निनावी अर्ज, तीन बातम्या एकत्र कोंबलेला अर्ज, व्हॉट्सॲपवरून आलेली कुठली तरी क्लिप जोडलेला अर्ज, आणि "तुम्हाला बघून घेतो" असा सूर, हे सगळं फाइलला लागतं आणि तिथंच राहतं. प्रकरण कोर्टात चालू असेल तर स्वयंनियमन संस्था हात लावत नाही.

चूक साधी असेल, म्हणजे नाव, आकडा, गाव, तर अर्जाआधी फोन करा. बातमीपत्राच्या आधीच्या तासात नको, तेव्हा तिथं कुणाला श्वास घ्यायला वेळ नसतो. सकाळी करा, वहीतली वेळ आणि सेकंद सांगा. इतक्या नेमक्या फोनची सवय नसल्यानं पलीकडचा माणूस बहुतेक वेळा गप्प ऐकून घेतो.

अर्जावर दोन महिन्यांत काही हललं नाही तर माहितीचा अधिकार आहे. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज द्या. एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, महाराष्ट्राच्या नियमात तशी मर्यादा आहे. "समिती काय करते?" असा प्रश्न विचारला तर उत्तर येत नाही, कारण माहिती म्हणजे कागद. तेव्हा कागदच मागा: जिल्हास्तरीय संनियंत्रण समितीच्या गेल्या तीन वर्षांतल्या बैठकांच्या इतिवृत्तांच्या प्रती, आणि आवक क्रमांक अमुकच्या अर्जावरील टिपणी. उत्तराची मुदत ३० दिवस.